निळ्या कोटाची शाळा आणि आमचा सातबारा

आमची लेक इंग्लंडमधल्या ख्राइस्ट्स हॉस्पिटल या निवासी शाळेत शिकते, असं सांगितलं की मराठी माणसांकडून पहिला प्रश्न येतो तो फीचा. प्रश्न रास्तच आहे. इथल्या स्वतंत्र, म्हणजे सरकारी पैशावर न चालणाऱ्या निवासी शाळांची वर्षाची फी आमच्या दोघांच्या हातात पडणाऱ्या वर्षभराच्या पगाराच्या आसपास जाते. मी दक्षिण लंडनमधल्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करते, नवरा गोदामात पाळ्या करतो, घर भाड्याचं. तरीही लेक तिथे आहे आणि आम्ही फीचा जो वाटा भरतो तो आम्हाला झेपेल एवढाच आहे. हे कसं जमलं ते बऱ्याच जणांनी विचारलं. फोनवर दोन वाक्यांत सांगता येत नाही, म्हणून सगळं लिहून काढते आहे.

शाळेचं नाव मला प्रयोगशाळेतल्या एका वयस्क सहकाऱ्याने सांगितलं. तो स्वतः तिथला विद्यार्थी. तिथे शिकून गेलेल्यांना 'ओल्ड ब्लू' म्हणतात. लेकीला वाचनाचा नाद आहे, पालिकेच्या संगीतवर्गात ती ट्रॉम्बोन वाजवते, हे त्याला माहीत होतं. मी म्हटलं, अशा शाळा आमच्यासारख्यांच्या नसतात. तो म्हणाला, "पैसे नाहीत म्हणून तिथला विचारच सोडायचा, असं करू नकोस. ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांच्यासाठीच ती सुरू झाली आहे."

त्याच आठवड्यात कामावरून सुटल्यावर मी न्यूगेट स्ट्रीटला गेले. सेंट पॉल कॅथीड्रलपासून चार पावलांवर एका पडक्या चर्चच्या भिंती आहेत आणि आत गुलाबांची बाग. इथे ग्रेफ्रायर्स नावाचा फ्रान्सिस्कन साधूंचा मठ होता. आठव्या हेन्रीने देशातले मठ मोडले तेव्हा हाही रिकामा झाला. लंडनच्या रस्त्यांवर तेव्हा भिकारी, आजारी आणि अनाथ मुलं यांची गर्दी झाली होती, कारण त्यांना पोसणारे मठच उरले नव्हते. १५५२ साली बिशप निकोलस रिडली याने गरिबांच्या हालांवर राजासमोर प्रवचन दिलं. राजा होता सहावा एडवर्ड, वय चौदा. त्याने लंडनचा लॉर्ड मेयर रिचर्ड डॉब्स याला कामाला लावलं आणि शहरातल्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढली. आजाऱ्यांसाठी सेंट थॉमस, भटक्या-बेकारांसाठी ब्राइडवेल आणि मुलांसाठी ख्राइस्ट्स हॉस्पिटल अशी तिहेरी व्यवस्था ठरली. त्या काळी निराधारांच्या आसऱ्यालाही हॉस्पिटलच म्हणत. नोव्हेंबर १५५२ मध्ये मठाच्या त्या रिकाम्या इमारतींत ३८० मुलं आली. त्यांत मुलगे होते, मुली होत्या आणि अंगावरची बाळंही होती. २६ जून १५५३ रोजी राजाने सनदेवर सही केली आणि त्यानंतर दहा दिवसांनी, वयाच्या पंधराव्या वर्षी, तो वारला.

बागेशेजारी २०१७ साली बसवलेलं ब्राँझचं एक शिल्प आहे. एका टोकाला फाटक्या कपड्यांतली मुलं आणि पुढे जाता जाता तीच लांब कोटातली विद्यार्थी होतात. मी बराच वेळ ते बघत उभी राहिले. मला साताऱ्याची आठवण झाली. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, रयत शिक्षण संस्थेच्या बोर्डिंगात राहून शिकले. सकाळी श्रमाचं काम, मग वर्ग. भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्याला बोर्डिंग सुरू केलं आणि ते चालवताना लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, ही गोष्ट आमच्या घरात देवाच्या गोष्टीसारखी सांगितली जायची. दुसऱ्याच्या पैशावर शिकणं म्हणजे लाचारी नव्हे, हे मी लहानपणीच ऐकलं होतं. तरी लेकीसाठी मदतीचा अर्ज करायची वेळ आली तेव्हा जीव चाचरला, हेही खरं. नवरा तर सरळ नाही म्हणत होता. "आपण कमवतो ना? मग मागायचं कशाला?" हा वाद आमच्यात बरेच दिवस चालला आणि तो मिटला शाळा बघितल्यावरच.

शाळा आता लंडनमध्ये नाही. १९०२ साली ती वेस्ट ससेक्समधल्या हॉर्शमजवळ गेली. न्यूगेट स्ट्रीटची जागा विकली, तिथे पुढे टपाल खात्याची भव्य इमारत उभी राहिली आणि इकडे सुमारे १,२०० एकरांवर अ‍ॅस्टन वेब आणि इंग्रेस बेल या वास्तुकारांनी लाल विटांचं एक गावच उभारलं. रेल्वे कंपनीने शाळेच्या नावाचं स्टेशन बांधलं, ते अजून चालू आहे. लंडनहून सुमारे तासाभरात गाडी तिथे पोचवते. स्टेशनातून उतरून शेतांच्या कडेने शाळेत चालत जाता येतं.

पालकांसाठी खुल्या दिवशी आम्ही तिघेही गेलो. मधोमध मोठा चौक आणि त्याच्या भोवती चॅपल, बिग स्कूल नावाचं सभागृह, भोजनगृह. त्यापलीकडे दोन्ही हातांना ओळीने विद्यार्थ्यांची घरं, म्हणजे हाउस. भोजनगृहात एका भिंतीवर अँतोनियो व्हेर्रियो याने रंगवलेलं चित्र आहे, लांबी सुमारे २६ मीटर. राजासमोर गुडघे टेकलेली, हातात नकाशे धरलेली शाळेची मुलं त्यात दिसतात. ती रॉयल मॅथेमॅटिकल स्कूलची मुलं. १६७३ साली दुसऱ्या चार्ल्सने शाळेच्या आत ही वेगळी शाखा काढली. चाळीस मुलांना गणित आणि नौकानयन शिकवायचं आणि जहाजांवर पाठवायचं. हे घडवून आणण्यात नौदलाचा कारभार बघणारा सॅम्युअल पीप्स पुढे होता, आणि पुढे अभ्यासक्रम कसा असावा याबद्दल आयझॅक न्यूटनचं मतही घेतलं गेलं. कोणाचं मूल याचा विचार न करता, देशाला दर्यावर्दी हवेत म्हणून निराधार पोरांना त्या काळातलं सर्वांत अवघड गणित शिकवलं, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. त्या शाखेच्या मुलांच्या कोटावर आजही खांद्याशी बिल्ला असतो.

विज्ञानाच्या इमारतीत माझा पाय जास्त रेंगाळला. हॉर्शमला शाळा बांधली जात असताना रसायनशास्त्रज्ञ एच. ई. आर्मस्ट्राँग कारभारी मंडळींत होता. मुलांनी पुस्तकातलं वाचून घोकू नये, हातांनी प्रयोग करून स्वतः शोधावं, असा त्याचा आग्रह. इतर शाळांत विज्ञानाला एखादी खोली मिळत होती तेव्हा इथे प्रयोगशाळा आणि कार्यशाळा या आराखड्यातच धरल्या गेल्या. बार्न्स वॉलिस त्याच सुरुवातीच्या वर्षांत इथे शिकला. १९४३ मध्ये जर्मनीची धरणं फोडणारा, पाण्यावरून उसळत जाणारा बॉम्ब त्याने बनवला. युद्धानंतर सरकारने त्याला १०,००० पौंड बक्षीस दिलं. ते सगळे पैसे त्याने शाळेकडे दिले आणि त्यातून हवाईदलातल्या माणसांच्या मुलांना इथे शिकता यावं म्हणून १९५१ साली विश्वस्त निधी सुरू झाला. या शाळेची घडी अशाच पैशांवर बसलेली आहे. ती समजली तेव्हा नवऱ्याचा विरोध सैल पडला, म्हणून ती नीट सांगते.

शाळेच्या मागे फाउंडेशन आहे. पावणेपाच शतकांत साठलेल्या देणग्या, जमिनी, गुंतवणूक यांचा कारभार ते बघतं, आणि इंग्लंडमधल्या शाळांमध्ये एवढा मोठा निधी फार थोड्यांकडे आहे. कारभार करणाऱ्या मंडळाला कौन्सिल ऑफ आमनर्स म्हणतात. आमनर म्हणजे मूळचा दानधर्म वाटणारा. कचेरीचं नाव काउंटिंग हाउस. तिथल्या मुख्य अधिकाऱ्याला क्लार्क म्हणतात. आपल्याकडच्या क्लार्कशी त्याचा संबंध नाही, हे पद फार मोठं आहे. सोळाव्या शतकात जेम्स पील हा इथला क्लार्क होता. दुहेरी नोंदीची हिशेबपद्धत इंग्रजीत समजावणारी पुस्तकं त्याने १५५३ आणि १५६९ मध्ये छापली. त्याचा मुलगा जॉर्ज नाटककार झाला आणि शाळेतलं एक हाउस त्याच्या नावाचं आहे.

ठरावीक रक्कम देणारा माणूस 'डोनेशन गव्हर्नर' होतो आणि त्याला एका मुलाचं नाव पुढे करण्याचा अधिकार मिळतो. याला 'प्रेझेंट करणं' म्हणतात. लंडनच्या जुन्या व्यापारी श्रेणी, म्हणजे लिव्हरी कंपन्या, आणि लंडन शहराची कॉर्पोरेशन हेही मुलांना प्रेझेंट करतात. सुमारे नऊशे विद्यार्थ्यांपैकी बहुसंख्यांना फीत सवलत आहे. काहींची पूर्ण माफ, काहींची अर्धी, काही पालक सगळी भरतात. कोण किती भरतं हे मुलांना कळत नाही, कारण वर्ग, गणवेश, जेवण, खोली सगळ्यांना सारखीच.

ही व्यवस्था कायम सरळ चालली असं मात्र नाही. ज्याच्या हातात जागा द्यायचा अधिकार, त्याच्याकडे वशिला लावणारे येणारच. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये यावरून मोठा गवगवा झाला. गरिबांसाठी ठेवलेल्या जागांवर खाऊन-पिऊन सुखी लोकांची मुलं बसतात, असा आरोप होता. मुलींच्या बाबतीत तर अन्याय उघडाच होता. सुरुवातीला मुलंमुली दोन्ही होती. पुढे मुलींचा वाटा आटत गेला आणि १८६० च्या दशकात सरकारी आयोगाने चौकशी केली तेव्हा मुलं हजारावर आणि मुली मूठभर, अशी स्थिती होती. पैसा तोच, सनद तीच, पण शिकवायचं कोणाला हे ठरवणारे पुरुष. मुलींची शाळा पुढे हर्टफर्डला होती. १९८५ मध्ये ती हॉर्शमला येऊन मिळाली आणि तेव्हापासून सगळे एकत्र शिकतात. माझी मुलगी ज्या बाकावर बसते तो बाक मुलींकडे परत यायला एवढा काळ लागला, हे मला विसरायचं नाही.

आणखी एक गोष्ट मी मुद्दाम वाचून काढली होती. या शाळेतल्या काही माजी शिक्षकांना विद्यार्थ्यांच्या लैंगिक शोषणाच्या जुन्या गुन्ह्यांसाठी २०१८ मध्ये न्यायालयाने शिक्षा दिल्या. अकरा वर्षांच्या मुलीला घरापासून लांब ठेवायचं ठरवताना आईने हे वाचलंच पाहिजे. खुल्या दिवशी मी आवाज न दबवता विचारलं, रात्री काही झालं तर माझी मुलगी कोणाकडे जाणार? हाउसचे पालक-शिक्षक आणि मेट्रन, म्हणजे मुलांची देखभाल करणारी बाई, तिथेच राहतात. दवाखाना आवारात आहे. शिवाय शाळेच्या नोकरीत नसलेली अशी एक व्यक्ती असते जिला मुलं थेट फोन करू शकतात. असा बाहेरचा माणूस नेमणं इंग्लंडच्या निवासी शाळांना नियमानेच बंधनकारक आहे, आणि त्याचा नंबर भिंतीवर लावलेला असतो. तो नंबर लेकीने बघितला का, हे मी तिला तिथेच विचारून घेतलं. माझा प्रश्न कोणी टाळला नाही, एवढं मला पुरे होतं.

मग अर्ज. प्रवेश मुख्यतः अकराव्या वर्षी, म्हणजे इथल्या सातवीला होतो, आणि अर्ज त्याच्या आदल्या वर्षी करायचा. पहिली चाचणी शरद ऋतूत. इंग्रजी, गणित आणि तर्क. शिकवणी आम्ही लावली नाही, परवडणारीही नव्हती. ग्रंथालयातून पुस्तकं, रोज थोडं लिहिणं आणि गणितं चुकली की ती का चुकली हे मोठ्याने सांगणं, एवढीच तयारी. सहकाऱ्याने बजावलं होतं की घोकून आलेलं मूल त्यांना लगेच ओळखू येतं.

मुलीची परीक्षा एका बाजूला आणि आमची दुसऱ्या बाजूला. आर्थिक माहितीचा फॉर्म लांबलचक होता. दोघांच्या पगाराच्या पावत्या, वर्षअखेरचे कराचे दाखले, बँकेची विवरणं, भाडेकरार, कर्जं, मोटार कोणती, सुट्टीत कुठे जाता. आणि एक रकाना होता, परदेशातली मालमत्ता. तिथे आम्ही थबकलो. कोरेगाव तालुक्यात आमची वडिलोपार्जित जिरायत जमीन आहे. सातबाऱ्यावर अण्णा, काका आणि त्यांच्या पुढच्या पिढीची नावं आहेत, त्यात माझंही. सामाईक खातं, वाटप कधी झालंच नाही. पिकवतो माझा भाऊ आणि त्यातून आम्हाला पोतंभर ज्वारीसुद्धा येत नाही. नवरा म्हणाला, ही काय मालमत्ता? पण नाव आहे म्हणजे लिहायचं, असं मी ठरवलं.

अण्णांना फोन लावला. ते म्हणाले, "अगं, तिकडच्या साहेबाला आपला सातबारा कशाला?" मी सगळं समजावलं. थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "बरोबर आहे. बोर्डिंगात आमचंही बघायचे, घरी किती बिघे, खाणारी तोंडं किती. दुसऱ्या पोराच्या ताटातलं आपण खात नाही ना, हे बघायला नको?" भावाने डिजिटल सहीचा उतारा काढून पाठवला. मी त्याचं इंग्रजी करून दिलं, हेक्टर-आर समजावले, रेडी रेकनरचा दर लावून माझ्या हिश्शाचा अंदाज काढला आणि एक पान पत्र लिहिलं की ही जमीन मला एकटीला विकता येत नाही, तिचं उत्पन्न मला मिळत नाही. काउंटिंग हाउसमधून उलट प्रश्न आले. नेमके आणि नम्र. उत्तरं दिली, त्यांनी ती नोंदवून घेतली.

तेव्हा एक वाचलेली गोष्ट मनात घोळत होती. या शाळेची प्रवेशनोंद १५५४ पासूनची आहे आणि सतराव्या-अठराव्या शतकातले पालकांचे अर्जही टिकून आहेत. त्या अर्जांना आईबापांच्या लग्नाचा दाखला आणि मुलाच्या बाप्तिस्म्याचा दाखला जोडावा लागे. कुणी विधवा, कुणी सहा लेकरांचा बाप. म्हणजे आमच्या आधी किती पिढ्यांचे आईबाप असेच कागद गोळा करून बसले असतील. मला त्या फॉर्मचा राग आला नाही. ज्यांनी पैसे ठेवले त्यांच्या वतीने कोणीतरी इतकं बारीक विचारतं, म्हणूनच ते पैसे इतकी शतकं पुरले.

जानेवारीत मुक्कामी चाचणी होती. मुलं एक रात्र शाळेत राहतात. आम्ही लेकीला सोडून परत आलो आणि घर खायला उठलं. तिने परत आल्यावर जे सांगितलं त्यात परीक्षेचं फार थोडं होतं. मुलाखतीत तिला हल्ली काय वाचतेस विचारलं, एका गटात बसवून कोडं सोडवायला दिलं, संगीताच्या शिक्षकांनी ट्रॉम्बोन ऐकला. बाकी सगळं भोजनाच्या मिरवणुकीबद्दल. दुपारी सगळी शाळा हाउसप्रमाणे रांगा धरते, पुढे शाळेचाच बँड, आणि त्याच्या ठेक्यावर पावलं टाकत सगळे जेवायला जातात. बँडमध्ये ट्रॉम्बोन होते. "आई, मला तिथेच वाजवायचं आहे," एवढं म्हणून ती झोपली.

वसंताच्या तोंडावर पत्र आलं. जागा मिळाली होती आणि आमचा वाटाही लिहिला होता. दर वर्षी उत्पन्न पुन्हा तपासलं जाईल, पगार वाढला तर वाटा वाढेल, नोकरी गेली तर कमी होईल, हेही स्पष्ट होतं. नवऱ्याने पत्र दोनदा वाचलं आणि अण्णांना स्वतः फोन लावला.

गणवेश शाळा देते, त्याचे पैसे घेत नाही. टाचेच्या वर येणारा गडद निळा लोकरी कोट, कंबरेला चामडी पट्टा, गळ्याशी पांढऱ्या पट्ट्या, गुडघ्यापर्यंतचे पिवळे मोजे. ट्यूडर काळातल्या अनाथ मुलांचा हा पोशाख जवळजवळ तसाच राहिला आहे. बटणांवर सहाव्या एडवर्डचा चेहरा. काही वर्षांपूर्वी मुलांनाच विचारलं होतं की हा बदलायचा का, तेव्हा बहुतेक सगळ्यांनी नको म्हटलं. मला त्यामागचं कारण समजतं. एकेकाळी हा कोट बघून लोक म्हणत, हे दानावरचं पोर. आज लाखोंची फी भरणाऱ्याचं मूलही तोच कोट घालतं. कपड्यांच्या भांडारात लेकीचं माप घेतलं तेव्हा कोट थोडा सैल दिला, वाढत्या अंगाचा.

इयत्तांची नावं पाठ करायला मला वेळ लागला. सेकंड फॉर्म, थर्ड फॉर्म, लिटिल इरॅस्मस, अपर फोर्थ, ग्रेट इरॅस्मस, मग डेप्युटी ग्रीशियन आणि शेवटच्या वर्षी ग्रीशियन. पूर्वी ग्रीक शिकून विद्यापीठात जाणाऱ्या मोजक्या मुलांनाच ग्रीशियन म्हणत, आता सगळे होतात. निबंधकार चार्ल्स लॅम इथलाच विद्यार्थी, पण तो तोतरा होता, म्हणून त्याला त्या वाटेने जाता आलं नाही असं सांगतात. तो ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत कारकून झाला आणि तेहतीस वर्षं हिशेब लिहून राहिला. त्याच्या नावाचं हाउस आहे, त्याचा शाळेतला मित्र कवी कोलरिज याच्याही नावाचं आहे. मिडलटन हाउस ज्याच्या नावाचं तो कलकत्त्याचा पहिला बिशप. मेन हाउस हेन्री मेनच्या नावाचं. हा कायदेपंडित १८६२ ते १८६९ गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलात होता. धर्म न बदलता नोंदणीने लग्न करता यावं म्हणून १८६८ मध्ये जे विधेयक आलं आणि ज्यातून १८७२ चा विवाह कायदा झाला, ते त्याने मांडलं होतं. घरांच्या पाट्यांवर आपल्या देशाशी असा संबंध निघेल असं मला वाटलं नव्हतं. लेकीला मी हे सगळं सांगितलं, राज्यकर्ते कोण होते आणि राज्य कोणावर होतं यासकट.

पहिले काही आठवडे कठीण गेले. तिला घरची आठवण यायची, मला तिच्या रिकाम्या खोलीत जाववत नव्हतं. नव्या मुलांना सांभाळायला वरच्या वर्गातलं एक मूल नेमून देतात, त्याला तिथे 'नर्समेड' म्हणतात. तिला मिळालेली मुलगी घाना मूळ असलेल्या घरातली, तिच्याच सारखी मदतीवर आलेली. कुठल्या दारातून जायचं, कोट कसा आवळायचा, रडू आलं तर मेट्रनच्या स्वयंपाकघरात बसायचं, हे सगळं तिने शिकवलं. हाउसमधली आणि भोजनगृहातली कामं मुलं वाटून करतात, त्यांना 'ट्रेड्स' म्हणतात. घरी ताट न उचलणारी आमची लेक आता टेबलं पुसते. अण्णांना हे ऐकून सगळ्यांत जास्त आनंद झाला.

सप्टेंबरात सेंट मॅथ्यूजचा दिवस असतो. मुलं लंडनला येतात आणि बँड पुढे ठेवून जुन्या शहरातून संचलन करतात. मग मॅन्शन हाउसमध्ये लॉर्ड मेयर प्रत्येकाच्या हातात नवी कोरी नाणी ठेवतो. रजा टाकून मी रस्त्याच्या कडेला उभी होते. लेकीला प्रेझेंट करणाऱ्या गव्हर्नरबाईंशी तिथेच ओळख झाली. निवृत्त बाई, याच शाळेच्या हर्टफर्डच्या काळातल्या विद्यार्थिनी. मी आभार मानायला लागले तर त्या म्हणाल्या, "माझीही जागा कोणीतरी भरली होती." शाळा सोडून जाणाऱ्या प्रत्येकाला शेवटच्या प्रार्थनेत एक आज्ञा वाचून दाखवतात. इथे मिळालेलं कधी विसरू नका आणि पुढे आपल्या ऐपतीप्रमाणे इतरांनाही ते मिळावं म्हणून झटा, असा तिचा आशय. त्या बाईंनी ती आज्ञा खरोखर पाळली होती.

लेक आता थर्ड फॉर्ममध्ये आहे आणि बँडमध्येही. जानेवारी २०२५ पासून खासगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट लागला, एप्रिलपासून धर्मादाय शाळांची स्थानिक करातली सवलतही गेली. फाउंडेशनवर भार वाढला असणार. खासगी शाळांना कर का माफ असावा, हा प्रश्न योग्यच आहे आणि सरकारी शाळेतल्या मुलांचा त्या पैशावर हक्क आहे असंही मला वाटतं. पण ज्या शाळेत बहुतेक मुलं मदतीवर शिकतात तिला वेगळं मोजायला हवं होतं, असं माझं मत आहे.

ज्यांना अर्ज करायचा आहे त्यांच्यासाठी थोडं. मूल इथल्या पाचवीत असतानाच शाळा बघून या, कारण सहावीच्या सुरुवातीलाच मुदत संपत आलेली असते. मुलाला तिथे राहायचं आहे का, हे त्यालाच विचारा. आपल्या हौसेसाठी कोणाला निवासी शाळेत घालू नये. पगाराचे आणि बँकेचे कागद वर्षभर जपून ठेवा. गावी घर, फ्लॅट, शेत काहीही तुमच्या नावावर असेल तर फॉर्ममध्ये लिहा, हिस्सा छोटा असला तरी लिहा, आणि उतारा आधीच मागवून घ्या. सामाईक खातं म्हणजे काय, हे तिथल्या माणसांना माहीत नसतं. एका पानात साध्या इंग्रजीत लिहून दिलंत तर ते समजून घेतात. आमचं ते पत्र हवं असेल त्यांनी कळवा, नावं काढून पाठवते.